मशीन कोणी पाडलं

त्या गल्लीत तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे तिला तीनतासबाई म्हणायचे, तेही पाठीमागे. तोंडावर काहीच म्हणायचे नाहीत, कारण तोंडावर काहीही म्हटलं तरी त्याचं भांडण व्हायचं.

नाव पडलं ते असं. जिन्याखालच्या तिच्या खोलीत कोणीतरी जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन यायचं, काउंटरवर ठेवायचं आणि विचारायचं, "याची डिस्क करून द्यायला किती वेळ लागेल?"

"किती तासांची आहे?"

"तीन."

"मग तीन तास."

"नाही, म्हणजे कॉम्प्युटरवर घ्यायला किती वेळ?"

"तीन तास."

"पेन ड्राइव्हवरून तर दोन मिनिटांत कॉपी होतं हो."

"तुमचं लग्न दोन मिनिटांत झालं होतं का? मग फीत दोन मिनिटांत कशी संपेल? ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालणार, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणार, मग डिस्क लिहिणार. घाई असेल तर शेजारच्या मोबाइलवाल्याकडे जा. तो कॅसेट हातात घेऊन विचारेल, याला चार्जिंग कुठून करायचं."

गिऱ्हाईक मुकाट्याने कॅसेट ठेवून जायचं. जाणार कुठे? असं मशीन चालू ठेवणारं आसपास दुसरं कोणी नव्हतं, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर जीभ इतकी चालायची.

पण कामात खोट काढायची कोणाची हिंमत नव्हती. दुसरीकडचे लोक कॅप्चर लावून जेवायला जातात. मशीन चालतं, कॉम्प्युटर भरून घेतो, मधे पंचवीस फ्रेम गळल्या काय आणि पन्नास गळल्या काय, कोण बघतंय. ही बघायची. मशीनसमोर लाकडी खुर्ची, खुर्चीवर ही, डोळा पडद्याच्या कोपऱ्यात. तिथे गळलेल्या फ्रेमांचा आकडा असतो. तो शून्यावरून हलला की ती फीत मागे घेऊन पहिल्यापासून सुरू करायची. बुरशी लागलेली कॅसेट असेल तर ती उघडून, फीत बोटभर बोटभर पुढे सरकवत, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. त्या दिवसांत खोलीला दवाखान्यासारखा वास यायचा आणि पंखा बंद असायचा, कारण पंख्याने धूळ उडते. गिऱ्हाईक घाम पुसत उभं राहायचं. तिला घाम येत नाही अशी गल्लीत समजूत होती.

आता, माणूस रोज सहा-सहा तास दुसऱ्यांची लग्नं, बारशी आणि स्नेहसंमेलनं बघत बसला की त्याची मतं तयार होणारच. तिची झाली होती, आणि ती मतं ती डिस्कबरोबर फुकट द्यायची. "तुमच्या त्या जाड्या मामांना कोणीतरी आवरायला हवं होतं. पहिला अर्धा तास कॅमेऱ्यासमोरून हलत नाहीत." किंवा, "नवरा मुलगा सबंध वेळ घड्याळ बघतोय. तुम्ही ना ते? मला वाटलंच."

टेबलावर दोन मशीनं होती. उजवीकडचं साधं, रोजच्या कामाचं. डावीकडचं मोठं, जड, जुन्या चादरीचं कव्हर शिवून झाकलेलं. हे डावीकडचं मशीन वाकडं होतं, आणि वाकडं आहे म्हणूनच तिने ते जिवापाड जपलं होतं.

त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

बावीस वर्षांपूर्वी तिचा आणि तिच्या थोरल्या भावाचा एकत्र स्टुडिओ होता. दादा कॅमेरा घेऊन पुढे, ही मशीन घेऊन मागे. एका हंगामाच्या सुरुवातीला हे मशीन दुसऱ्या मजल्यावरून खाली नेताना जिन्यात पडलं. सहा पायऱ्या गडगडलं. दोघांनी धावत जाऊन लावून बघितलं तर चालू. त्यावर भरलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ दिसत होतं. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सबंध हंगामाचं काम त्याच मशीनवर भरलं. चाळीस-बेचाळीस लग्नं.

कळलं ते हंगाम संपल्यावर. पडल्यामुळे आतल्या त्या दोन खुंट्या, ज्यांना घासून फीत पुढे जाते, त्या केसभर कलल्या होत्या. फीत तिरकी भरली जात होती. तिरकी भरलेली फीत तिरक्या मशीनवर अगदी आरशासारखी दिसायची. लोकांच्या घरच्या सरळ मशीनवर मात्र लावली की चित्रावर आडवे पट्टे. नवरीच्या डोळ्यांवर पट्टा, नवऱ्याच्या तोंडावर पट्टा. आणि हे दोघं हुशार, दर वेळी तपासून देत होते. तपासत होते कशावर? त्याच मशीनवर.

मग माणसं आली. कॅसेटी काउंटरवर आपटल्या. आणि दादाने त्या प्रत्येक माणसाला एकच सांगितलं, "काय करणार, माझ्या बहिणीने मशीन पाडलं. बायकांच्या हातात जड वस्तू द्यायचीच नसते."

तिचं म्हणणं वेगळं होतं. तिने मशीनच्या पेटीचा पट्टा बांधून दिला होता, पेटी दादाच्या खांद्यावर होती, आणि दादा दोन्ही हातांनी सिगारेट पेटवत होता.

स्टुडिओ मोडला. कॅमेरा आणि दिवे त्याने घेतले, मशीन तिने. त्याने रस्त्याच्या पलीकडे फोटोचं दुकान काढलं, तिने अलीकडे हे. मधे बारा पावलांचा रस्ता. बोलणं व्हायचं ते गिऱ्हाइकांमार्फत. "समोरच्या साहेबांना सांगा, त्यांची पाटी माझ्या दारावर सावली पाडते." "त्या बाईंना सांगा, सावलीत डोकं थंड राहतं."

आणि दर वर्षा-दोन वर्षांनी त्या हंगामातली एखादी कॅसेट यायची. माळ्यावर सापडलेली, वर्षानुवर्षं खराब म्हणून पडलेली. माणूस म्हणायचा, बघा काही निघालं तर. ती चादर काढायची, वाकड्या मशीनमध्ये कॅसेट घालायची, आणि पडद्यावर सगळं लख्ख. माणसं खुर्चीतच रडायची. ती त्यांना रडू द्यायची आणि मग सांगायची, "मशीन माझ्या भावाने पाडलं होतं. मी नाही. कोणाला सांगायचं असेल तर सांगा."

तर असं चाललेलं असताना एका सोमवारी दुपारी दादा रस्ता ओलांडून आला. हातात कॅसेट. काउंटरवर ठेवली.

"ही लावून दे."

ती मान वर न करता म्हणाली, "समोरच्या साहेबांना म्हणावं, आधी खोकून आत येतात."

"नाटक नको. तुझ्या वहिनीची आहे."

तिने वर बघितलं. कॅसेटवरचं अक्षर तिचं स्वतःचंच होतं. त्या हंगामात एकच काम लग्नाचं नव्हतं. हौशी मंडळाचं नाटक, एकच प्रयोग, आणि त्यात वहिनी मुख्य कामात. हिने विंगेजवळ बसून दोन कॅमेरे थेट याच मशीनवर भरले होते.

"मंडळाला पन्नास वर्षं होतायत," दादा म्हणाला. "जुन्या लोकांच्या कामाचे तुकडे पडद्यावर दाखवणार आहेत. तिला निरोप आला. काल कपाटातून ही काढली आणि मला म्हणाली, हिच्यात दोन मिनिटं तरी धड उरली असतील का बघून आणा."

"सबंध दोन तास दहा मिनिटं धड आहेत."

"मला माहीत आहे. म्हणून तर आलो."

"मग म्हण."

"काय?"

"तुला माहीत आहे काय. मशीन मी पाडलं. तीन शब्द. एखादं गिऱ्हाईक समोर असताना, मोठ्याने. बेचाळीस लोकांना खोटं सांगितलंस, मी एकासमोर खरं मागतेय. सूटच दिलीय."

"बावीस वर्षं झाली, तू अजून तिथेच बसलीयस?"

"मी इथेच बसलेय. मशीन इथेच आहे. तू पाडलंस तिथून मी उचलून आणलं."

"पट्टा ढिला होता."

"पट्टा धरायचा असतो."

"पट्टा ढिला होता," तो पुन्हा म्हणाला, आणि कॅसेट उचलून निघाला. दारातून मागे वळला. "वहिनीसाठीसुद्धा नाही?"

"वहिनीसाठी तू तीन शब्द बोलू शकत नाहीस, आणि मला विचारतोस?"

गोष्ट इथेच अडली असती. पण गुरुवारी तिला नव्या चष्म्याचा नंबर काढायला जायचं होतं, आणि नेमका गुरुवारीच मेकॅनिककाका मशीनं साफ करायला यायचे. सत्तरीचे, हात अजून स्थिर, त्या दोन्ही भावंडांना स्टुडिओच्या काळापासून ओळखणारे. जगात एका माणसाच्या हातात ती दुकानाची किल्ली द्यायची, ते हे. किल्ली देताना दर वेळी एकच वाक्य. "डावीकडचं फक्त पुसायचं. स्क्रूला हात लावायचा नाही."

काका दर वेळी मान हलवायचे आणि दर वेळी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ज्या माणसाने पन्नास वर्षं वाकडी मशीनं सरळ केली, त्याच्या हाताखाली एक वाकडं मशीन ठेवायचं आणि सांगायचं, असंच राहू दे. शिंप्यापुढे उसवलेला सदरा ठेवून सुई काढून घेण्यातला प्रकार.

ती गेली तसा दादा आला. बारा पावलं, मोजून. "काका, एवढी कॅसेट लावून बघू द्या. फक्त बघू द्या."

काकांनी लावली. चित्र आलं, स्वच्छ आलं. फक्त खालच्या कडेला एक बारीक पट्टा थरथरत होता. इतक्या वर्षांत फीत थोडी ताणली होती, एवढंच. तीनतासबाई असती तर तिने तेवढं चालवून घेतलं असतं.

दादा म्हणाला, "हा पट्टा जाईल का?"

काका म्हणाले, "मशीन वाकडं आहे ना, म्हणून."

"मग सरळ करा की."

काकांचा हात खिशाकडे गेला. बारीक स्क्रू-ड्रायव्हर खिशातच असायचा. दादा कॅमेऱ्याचा माणूस, त्याला मशीनच्या पोटातलं काही कळत नव्हतं. पण काकांना कळत होतं, आणि तरी हात गेला. हातानेच ठरवलं म्हणा. त्यांनी तपासणीची चांगली कॅसेट घातली, तिच्यावर बघून दोन्ही खुंट्या अर्ध्या तासात मस्त सरळ करून दिल्या. बावीस वर्षांची खाज भागली. मग दादाची कॅसेट घातली.

पडदाभर पट्टे. वहिनी कुठे आहे तेसुद्धा कळेना.

ती चष्म्याचा कागद घेऊन परत आली तेव्हा दुकानात तिघं होते. काका खुर्चीत, हात मांड्यांमध्ये दाबून बसलेले. दादा भिंतीशी. आणि काउंटरपाशी शाळेतल्या एक निवृत्त बाई, स्नेहसंमेलनाची कॅसेट पिशवीत घेऊन, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत.

तिने पडद्याकडे बघितलं. मग चादरीकडे, ती जमिनीवर होती. मग काकांच्या हाताकडे.

"सरळ केलंत," ती म्हणाली.

"चूक झाली गं."

"चूक नाही काका, कारागिरी झाली. बाहेर कोणाला सांगा, पाठ थोपटतील. या मशीनवर भरलेल्या कितीतरी कॅसेटी अजून लोकांच्या माळ्यावर आहेत. त्या आता चालायच्या नाहीत. कोणाच्याच नाहीत. किल्ली ठेवा इथे."

काकांनी किल्ली ठेवली.

"त्यांना बोलू नकोस," दादा म्हणाला. "मी सांगितलं त्यांना."

"अरे वा. हे बरं कबूल केलंस. दुसऱ्यांदा मोडलंस, ते लगेच कबूल. पहिल्यांदाचं राहिलंय."

"परत होईल का ते? आधी होतं तसं?"

"होईल कदाचित. तुझीच कॅसेट लावायची, चित्र बघत बघत स्क्रू फिरवायचा, पट्टे जाईपर्यंत. कितीवर होता त्याची कुठे खूण नाही. खूण फक्त माझ्या डोळ्यात आहे, आणि डोळ्याचा नंबर आजच वाढलाय."

"मग कर ना."

"म्हण ना."

दादाने काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते. घड्याळाकडे बघितलं. वहिनीला तो सांगून आला होता, आज कॅसेट होईल, जेवून सावकाश ये, आणि ती आता कधीही आली असती.

"मशीन मी पाडलं," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"मशीन मी पाडलं. हिने पट्टा नीट बांधला होता, मी सिगारेट पेटवत होतो, पेटी माझ्या खांद्यावरून गेली. मी पाडलं, हिने नाही. झालं?"

बावीस वर्षं ज्या वाक्यासाठी ती जगली होती ते वाक्य खोलीत उभं होतं. तिने शाळेतल्या बाईंकडे बघितलं.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "कुठलं मशीन?"

"हे."

"आत्ता पाडलं?"

"नाही हो. बावीस वर्षांपूर्वी."

"अच्छा." बाईंनी थोडा विचार केला. "मग आत्ता का सांगतायत?"

"कारण ते सगळ्यांना सांगत होते की मी पाडलं."

"कोणाला?"

"सगळ्यांना. गिऱ्हाइकांना. तुमच्या शाळेतल्या क्राफ्टच्या सरांचं लग्न होतं त्यात."

"ते सर वारले," बाई म्हणाल्या. "त्यांनी कधी मशीनचं काही काढलं नाही. पट्टे आले होते म्हणे कॅसेटवर. वीज कमी-जास्त होत होती त्या वर्षी, असं म्हणायचे." मग दोघांकडे आळीपाळीने बघून, शाळेत भांडणं सोडवायच्या आवाजात, "बरं झालं सांगितलंत. आता एकमेकांना सॉरी म्हणा. माझी कॅसेट कधी लावाल?"

"उद्या या," ती म्हणाली. त्या रोजच्या वाक्यात आज दम नव्हता.

बाई गेल्या. काकाही गेले. ती खुर्चीत बसली, चादर घडी करून मांडीवर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. दादा भिंतीशी तसाच उभा होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "कोणाच्या लक्षातसुद्धा नाही."

"तोंड बंद ठेव. हात हलतो."

तास गेला. डावी खुंटी पाव फेरा, उजवी त्याच्याही निम्मी. पट्टे वर सरकले, खाली आले, जाड झाले, मग पुन्हा वर. ती मधेच थांबून डोळे मिटून बसायची, हंगामातल्या कॅसेटी कशा दिसायच्या ते आठवायची, पुन्हा फिरवायची. पट्टे विरळ झाले. मग एक राहिला, खालच्या कडेचा. मग तोही गेला.

आणि तेव्हाच दारात वहिनी येऊन उभी राहिली. "अहो, झालं का काही?" म्हणत आत आली आणि पडद्यासमोर थांबली.

पडद्यावर एकतीस वर्षांची वहिनी ट्रंकेत कपडे भरत होती. रंगमंचावर दुसरं कोणी नव्हतं. ती एकेक कपडा उचलायची, घडी करायची, ट्रंकेत ठेवायची. एक सदरा उचलला, घडी केली, उलगडला, पुन्हा घडी केली, आणि ट्रंकेत न ठेवता पलंगावर परत ठेवला. दीड मिनिट. एक शब्द नाही. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही, तेही त्या फितीवर ऐकू येत होतं.

वहिनी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "हे पट्टे कुठे गेले?"

"या मशीनवर दिसत नाहीत. या मशीनवर भरलंय ना, म्हणून. थांबा, पहिल्यापासून घेते, कॅप्चर करायचंय." तिने फीत मागे नेली, कॉम्प्युटरवर कॅप्चर सुरू केलं, फीत सोडली. आकडा शून्यावर.

पहिला अंक संपला. दुसऱ्यात वहिनीचा एक मोठा प्रवेश होता, त्यात ती समोरच्या नटाला हसत हसत असं काही बोलायची की तो खरोखरच मागे सरकायचा. प्रेक्षक हसले आणि मधेच हसायचे थांबले. स्टुलावरची वहिनी पुढे झुकली. ओठ हलत होते. वाक्यं अजून पाठ होती.

"तुम्ही हे कधी बघितलं होतं?" पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

"त्याच दिवशी. तपासायला लावली होती."

"म्हणजे असं होतं हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि यांना?"

दादा म्हणाला, "अगं, तेव्हा मशीनची सगळी गडबड..."

"हो किंवा नाही."

"हो. मीही बघितलं होतं."

वहिनीने मान हलवली, जसं कोणी दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून हलवतो. "मी घरी टीव्हीवर लावली. माझ्या तोंडावर पट्टे. तोंडच दिसेना. मी तुम्हाला विचारलं, अहो, काम कसं झालं होतं? तुम्ही म्हणालात, आता दिसतच नाही त्याचं काय बोलायचं. मंडळाने दुसरं नाटक दिलं, मी नाही म्हटलं. मला वाटलं, काही सांगण्यासारखं असतं तर माणूस बोलला असता."

"मला वाटलं तुला घरचं जास्त..."

"गप्प बसा."

नणंदेला बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी त्याला असं झाडत होतं. ती जरा रेलून बसली आणि म्हणाली, "मी तर कधीपासून सांगतेय, वहिनी. एक वाक्य म्हण आणि कॅसेट लावून घे. आज म्हणाला. बावीस वर्षं लागली."

"कुठलं वाक्य?"

"मशीन मी पाडलं."

वहिनीने पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली. "त्यासाठी थांबलात तुम्ही?"

"खरं बोलायला नको?"

"मला सांगितलंत कधी? वन्सं, मी दर आठवड्याला भाजी आणायला या दारावरून जाते. तुम्ही आतून हात करता, मी बाहेरून करते. लोकांच्या कॅसेटी लावून त्यांना रडवता, हेही ऐकलंय मी. माझ्या कपाटात त्याच वर्षीची एक आहे हे तुम्हाला माहीत होतं. वरचं अक्षर तुमचं."

"तुम्ही कधी आणली नाहीत."

"नासलेलं दूध कोणी परत तापवायला घेऊन जातं का? मला वाटलं, गेली ती. मला कोण सांगणार होतं की इथे स्वच्छ दिसते? दोघांना माहीत होतं, आणि दोघंही वाट बघत बसलात. वाक्य यांचं, भांडण तुमचं, आणि कॅसेट माझी."

तिच्या तोंडाशी उत्तर होतं. तिच्या तोंडाशी नेहमीच असायचं. मी नाही, त्याने, पट्टा, पेटी, सिगारेट. तिने ते जुळवलं, उघडलेलं तोंड मिटलं, आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिली. शून्य. एकही फ्रेम गळलेली नव्हती.

तिसरा अंक सुरू झाला. वहिनी उठली, स्टूल सरकवून पडद्याच्या अगदी जवळ नेलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर थांबा."

"मला इथून हलता येत नाही," ती म्हणाली. "आकडा बघावा लागतो. फ्रेम गळल्या तर..."

"गळू देत. मागे न्यायचं बटण कुठलं?"

तिने दाखवलं. आजवर त्या बटणाला दुसऱ्या कोणाचं बोट लागलं नव्हतं.

"पण मधे मागे नेलंत तर कॅप्चर तुटेल. सगळं परत करावं लागेल."

"मग परत करा. आज करा, उद्या करा. मंडळाला दोन मिनिटं हवीत, मला सगळं हवंय. दार ओढून घ्या."

दोघं बाहेर पायरीवर आले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. रस्त्यावर दुपारची रहदारी होती. शेजारच्या मोबाइलवाल्याने मान काढून बघितलं, दोन्ही भावंडं एका पायरीवर उभी दिसली, आणि त्याने मान आत घेतली.

"म्हटलं ना मी," दादा म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हटलं."

"एका बाईसमोर. तिला कळलंही नाही."

"मग परत म्हणू?"

"नको."

आत फीत मागे जाण्याची घरघर झाली, थांबली, आणि वहिनीचा आवाज आला, एकतिसाव्या वर्षीचा. मोठा, स्वच्छ, कोणाचीही भीड न धरणारा. मग पुन्हा घरघर. तोच तुकडा. तेच वाक्य.

"आवाज लांबून येतोय," दादा म्हणाला.

"माइक तू लावला होतास."

"जागा तू दाखवली होतीस."

आत तिसऱ्यांदा तेच वाक्य झालं, आणि या वेळी त्याच्यावर दुसरा आवाज चढला, वयस्क, थोडा घोगरा, शब्दाला शब्द लावून म्हणणारा. मग दोन्ही आवाज थांबले आणि बराच वेळ काहीच ऐकू येईना.

दादाने दार वाजवायला हात उचलला. तिने मनगट धरून तो खाली केला.

"वाजवलंस तर बघ," ती म्हणाली.